बंद करायची दांडी

थंडी पडली की मामांचा ट्रक रुसतो, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दर वर्षी चार शिव्या आणि किटलीभर गरम पाणी मिळालं की तो राग सोडायचा. या वर्षी मात्र पहिलं दंव पडलं तसा जो बसला, तो बसलाच. आणि माझं गॅरेज त्याच गल्लीच्या तोंडाशी. म्हणजे ट्रक मामांचा आणि अब्रू जायची ती माझी.

मी डिझेलचा मिस्त्री. माझ्या हातांचं काळं आता साबणाने जात नाही, आणि माझ्या जिभेबद्दलही गिऱ्हाइकं तेच म्हणतात. हे काम मला मामांनी शिकवलं. ते ड्रायव्हर होते, पण त्यांच्या काळात ड्रायव्हरला निम्मा मिस्त्री व्हावंच लागायचं. वाटेत गाडी बंद पडली तर विचारणार कुणाला? मामीही त्यांच्याबरोबर लांबलांबच्या ट्रिपा करायची. मूलबाळ नव्हतं, घरी थांबायला कारण नव्हतं. केबिनमध्ये बसून ती विणायची. ट्रक मागे घेताना खाली उतरून पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

आणि ट्रक बंद करणं हे तर तिचंच काम होतं. इंजिन बंद करायची केबिनमधली तार केव्हाच तुटली होती, ती मामांनी कधी बदलली नाही. मुक्कामाला पोचलं की मामी उतरायची, बॉनेट उचलायची आणि डिझेलच्या पंपाला बाजूने लागलेली एक छोटी दांडी बोटाने ओढून धरायची. दांडी ओढली की डिझेल तुटतं आणि इंजिन गप्प होतं. सोडली की स्प्रिंगने ती आपोआप जागेवर जाते. "मी सुरू करतो, ही बंद करते," मामा म्हणायचे, "संसार संसार म्हणतात तो हाच."

आता मामांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. लांबच्या ट्रिपा सुटल्या होत्या, पण गल्लीत कुणाचं कपाट हलवायचं असलं, कुणाचे पत्रे आणायचे असले, की ते ट्रक काढायचे. पानगळीच्या दिवसांत असंच एकाचं कपाट घेऊन निघाले. जायचं होतं दोन गल्ल्या पलीकडे. संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही. मी शोधत गेलो तर खाणीच्या रस्त्यावर अगदी मधोमध ट्रक उभा. इंजिन सुरू, मागे कपाट, आणि मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. मला म्हणाले, "डेपोचं फाटक कुठे गेलं रे?" तो डेपो पाडला तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं.

मग शाळेच्या चौकातली गोष्ट झाली. पोरं सुटायची वेळ, मामा सिग्नल विसरले. एका मुलीची सायकल चाकाखाली चेपली. मुलगी फुटपाथवर उभी होती, सायकल तेवढी खाली टेकवलेली होती. मामी त्या दिवशी केबिनमध्ये शेजारीच बसली होती. घरी येईपर्यंत आणि त्यानंतर दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही.

त्यानंतर थंडी आली आणि ट्रक सुरू व्हायचा थांबला.

पहिल्या सकाळी मामांनी मला बोलावून घेतलं. मी पाना-पक्कड घेऊन अंगणात गेलो. बॅटरीवर शंका घ्यायला जागाच नव्हती. थंडीत मामा रोज संध्याकाळी ती सोडवून घरात आणायचे आणि शेगडीजवळ, पाटावर, शालीत गुंडाळून ठेवायचे. मामी तिला सवत म्हणायची. "लग्नाला एवढी वर्षं झाली, मला कधी अशी शाल पांघरली नाही," असं बॅटरीकडे बघून बोलायची. तर ती गरम बॅटरी जोडली, स्टार्टर मारला. इंजिन छान फिरलं, पण पकडेना. मामा मागे सायलेन्सरच्या तोंडाशी उभे होते.

"धूर नाही," ते म्हणाले. "पांढरा धूर असता तर म्हटलं असतं, डिझेल पोचतंय पण गारठ्याने पेटत नाही. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही."

घराचा रस्ता विसरणारा माणूस, पण हे विसरला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्यावर उगाचच खेकसलो, "ते मलाही कळतं."

कडक थंडीत डिझेलमध्ये मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. मी फिल्टर बदलला. नळ्यांवर गरम पाण्याची पोती टाकली. हातपंपाने दाबून दाबून आत शिरलेली हवा काढली, बोटं बधिर होईस्तोवर. तरी धूर नाही. दुसऱ्या दिवशी टाकीतलं सगळं डिझेल उपसून ताजं भरलं. त्याच्या पुढच्या दिवशी, दुसरं काही सुचेना म्हणून, इंजिन तापवणारे हीटर प्लग बदलले. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. डिझेलच नाही तर हीटर काय तापवणार, स्वतःचं कपाळ? समोरचा बेकरीवाला रोज दारात उभा राहून बघायचा आणि जाताना हटकून विचारायचा, "काय मिस्त्री, झाला का?" त्याच्या भट्टीत त्यालाच घालावंसं वाटायचं.

शेवटी मी पंपातून पुढे जाणाऱ्या नळीचा नट ढिला केला आणि मामांना स्टार्टर मारायला सांगितलं. पंपापर्यंत डिझेल येत होतं. पंपातून पुढे एक थेंब नाही.

"मामा, पंपच गेलाय. उतरवावा लागेल."

"पंपाला हात लावायचा नाही," मामा केबिनमधून म्हणाले.

"अहो, दोष तिथेच आहे!"

"पंपाचा काही दोष नाही. थंडी आहे ही. तू जा, तुझी कामं बघ."

जो माणूस मला एका सैल नटासाठी सबंध इंजिन पुन्हा उघडायला लावायचा, तो आता थंडीवर ढकलत होता. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून मी हात पुसले. पण चैन पडेना. दुसऱ्या सकाळी मामा हातमोजे आणायला आत गेले तेवढ्यात मी पुन्हा बॉनेटमध्ये शिरलो आणि टॉर्च पंपाच्या बाजूला, नळ्यांच्या मागे नेला. ती छोटी दांडी ओढलेल्या जागी होती. सोडली की आपोआप मागे जाणारी दांडी, म्हणून तिच्याकडे कोणी मिस्त्री ढुंकूनही बघत नाही. तीच नेमकी लोकरीने ओढून बांधली होती. लालसर तपकिरी लोकर, दुपदरी, वर वेणीच्या रिबिनीसारखी सुरगाठ. माझ्या गळ्यातला मफलर त्याच लोकरीचा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी गाठ तशीच ठेवली आणि स्वयंपाकघरात गेलो. मामी चहा गाळत होती. मी नुसता माझ्या मफलरला हात लावला. तिने गाळणी खाली ठेवली.

"बोलू नकोस त्यांच्याशी," ती म्हणाली.

"अगं, मी आठवडाभर हाडं गोठवून घेतली. किल्ली लपवायची ना सरळ!"

"किल्ली?" मामीचा आवाज चढला, मग तिने तो दाबला. "ह्यांच्या हातातून मी किल्ली काढून घेऊ? तुमच्यावर आता भरवसा नाही, असं तोंडावर सांगू? मग हे घरात पाहुण्यासारखे बसतील रे. खुर्ची दिली की बसायचं, ताट दिलं की जेवायचं. ट्रक थंडीने सुरू झाला नाही तर त्यात ह्यांचा काय कमीपणा? थंडीत सगळ्यांचेच बसतात. झाकली मूठ आहे, राहू दे झाकलेली."

"म्हणजे तू मामांनाच मामा बनवतेस."

ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसापुढे काय करावं ते कळत नाही, मी चहा घेतला. ती म्हणाली, संध्याकाळी हे बॅटरीची शाल नीट करत बसतात तेवढ्यात ती अंगणात जाऊन गाठ चाचपून, सैल असली तर पुन्हा बांधून येते. कधी राहिलंच तर पहाटे, हे उठायच्या आत. त्या मुलीची सायकल अजून तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

"आणि उन्हाळा आला की? तेव्हा थंडी कुठून आणशील?"

"उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू," मामी म्हणाली.

त्यानंतर मी रोज सकाळी जायला लागलो. आयुष्यभर बंद गाड्या सुरू करून पोट भरलं, आणि आता धडधाकट गाडी बंद ठेवायला जात होतो. नट सोडायचा, आवळायचा. पोती गरम करायची. "आज गारठा जास्तच आहे," असं म्हणायचं. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, गिऱ्हाइकाशी रोजच बोलतो. मामांशी बोलताना मात्र जीभ जड व्हायची.

मामा मात्र रोज तितक्याच उमेदीने यायचे. कानटोपी, हातमोजे, गरम बॅटरी पोटाशी धरलेली. पहिल्यापासून सगळं तपासायचे. धूर बघ, फिल्टर बघ, हवा काढ. मग टॉर्च घेऊन एकटेच बॉनेटमध्ये वाकायचे आणि मध्येच थांबायचे. बराच वेळ. मला वाटायचं, काय करत होतो तेच विसरले. मग ते हळूच सरळ व्हायचे, हात पुसायचे आणि म्हणायचे, "नाही. आज काही होत नाही. चहा पिऊन जा." काही दिवशी असं म्हणताना त्यांचा चेहरा अगदी उतरलेला असायचा, काही दिवशी शांत असायचा.

हिवाळ्याच्या ऐन मध्यावर एका सकाळी, मी नुकतं शटर वर केलं होतं, तेवढ्यात ट्रकचा हॉर्न ऐकू आला. थांबेचना. मी गल्ली चढत पळालो. रस्ता काचेसारखा झाला होता, दोनदा आपटलो.

मामी अंगणात ट्रकच्या पुढच्या चाकाजवळ पडली होती. मामांनी तिच्या डोक्याखाली उशी दिली होती आणि घरातली सगळी पांघरुणं आणून तिच्यावर घातली होती. बॅटरीची शालसुद्धा. एक पाय विचित्र वळला होता. ती शुद्धीवर होती आणि दात आवळून कण्हत होती. रात्रीतून अंगणात बर्फ धरला होता. ती पहाटे का बाहेर आली होती, हे मला विचारायची गरज नव्हती.

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. खालच्या चढावर गाड्या अडकल्या आहेत, दुपारपर्यंत तरी येता येणार नाही, असं उत्तर मिळालं. माझ्या टेम्पोचा गिअरबॉक्स गॅरेजच्या फरशीवर उघडा पडलेला. बेकरीवाल्याकडे एक सायकल. बर्फावर भरवशाने चालेल असं गल्लीत एकच धूड होतं, आणि ते माझ्यासमोर उभं होतं.

मामीने माझ्याकडे बघितलं. मला कळलं. आता गाठ सोडायची, पण मामांच्या देखत नाही. मी म्हणालो, "मामा, तुम्ही आतून जरा ते..." काय आणायला सांगावं ते सुचेना. "...ते गरम पाणी आणा."

मामांनी माझं ऐकलंच नाही. बॅटरी त्यांनी आधीच जोडली होती. त्यांनी बॉनेट उचललं, टॉर्च न घेता उजवा हात आत घातला, सरळ नळ्यांच्या मागे, आणि एक हिसका दिला. हात बाहेर आला तेव्हा बोटांत लोकर होती. त्यांनी ती कोटाच्या खिशात घातली. ना माझ्याकडे बघितलं, ना मामीकडे. केबिनमध्ये चढले, क्लच दाबला, हीटरचं बटण दाबून धरलं, ओठ हलवत आकडे मोजले आणि स्टार्टर मारला. इंजिनने दोन आचके दिले. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, सगळं अंगण भरलं, आणि मग ते धडधडत सुरू झालं.

मामीने डोळे मिटून घेतले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते पायाच्या दुखण्याने की कशाने, ते तिचं तिलाच माहीत.

मी आणि बेकरीवाल्याने तिला पावाच्या लांब फळीवर घेतलं आणि मागे, गादीवर ठेवलं. वरून ताडपत्री ओढली. मी वळून बघतो तर मामा ड्रायव्हरचं दार उघडून, ते हाताने धरून खाली उभे होते.

"चल, बस तू," ते म्हणाले.

"मी?"

"मी हिच्याजवळ मागे बसतो. मला वळणं आठवायची नाहीत."

एवढंच. मी चढलो. माझ्या हाताखालचं ते स्टिअरिंग मामांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेलं होतं. मागून पत्र्यावर दोन थापा पडल्या. चल. सबंध उतारावर, गाडी जरा घसरली की एक थाप पडायची, सावरली की दोन. मामीला हिसका बसू नये म्हणून ते मागून गाडी चालवत होते म्हणा ना. मी शिव्या देत होतो रस्त्याला, थंडीला, स्वतःला, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

हॉस्पिटलात मामीला आत नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. मामांनी खिशातून लोकर काढली आणि गुडघ्यावर ठेवून तिचा गुंता सोडवायला लागले.

मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"काय?"

"दांडी बांधलेली."

"काही दिवस माहीत असायचं, काही दिवस नसायचं." ते लोकर उलगडत होते. "नसलं की मी आपला पहिल्यापासून शोधायचो. बॅटरी चांगली. फिल्टर चांगला. हवा नाही. पंपाच्या पुढे डिझेल नाही. मग उरतं काय? दांडी. तिथे हात नेला की लोकर लागायची. मग कळायचं."

"काय कळायचं?"

"की ही बांधते. आणि का बांधते ते."

विसरलेल्या प्रत्येक सकाळी तो माणूस सगळी शोधाशोध करून शेवटी तिथे पोचत होता. दर वेळी नव्याने त्याला कळत होतं की आपलं डोकं चाललंय. आणि मी शेजारी उभा राहून त्याला गारठ्याच्या गोष्टी सांगत होतो. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"मग सोडली का नाही? बोलला का नाहीत?"

"सोडली असती तर तिला पुन्हा बांधायला जावं लागलं असतं. गारठ्यात." मामांनी लोकर बोटाभोवती गुंडाळली. "आणि बोलून काय? तिला वाटत होतं मला कळत नाही. तेवढं तरी समाधान राहू द्यायचं तिला. पण चुकलंच माझं. ती पडण्याआधी सांगायला हवं होतं, मी बांधीन म्हणून."

मामी घरी आली तेव्हा थंडी सरलेली नव्हती. डॉक्टरांनी तिला उठायचंच नाही असं सांगितलं होतं. तिचा पलंग आम्ही शेगडीच्या खोलीत, खिडकीपाशी लावला. पलीकडे पाटावर बॅटरी. "बघ, शेवटी सवतीच्या शेजारीच अंथरूण पडलं," मामी म्हणाली. हॉस्पिटलातून आल्यावर मामांनी स्वतःहून मला ट्रक अंगणात लावायला सांगितला होता, आणि किल्ली पूर्वीसारखीच दाराजवळच्या खिळ्याला अडकवली होती.

पहिल्याच संध्याकाळी मामा बॅटरी आणायला बाहेर गेले, तेव्हा मामीने मला खूण करून जवळ बोलावलं. उशीखालून लोकरीचा तुकडा काढून माझ्या हातात दिला.

"ह्यांनी सोडली ती त्या दिवशी. पुन्हा आठवण राहिली असेल, नसेल. मला जाता येत नाही. तू जा, बांधून ये."

मामा आत आले, बॅटरी पाटावर ठेवून शाल नीट करायला लागले. मी काहीतरी निमित्त काढून अंगणात गेलो. बॉनेट उचललं, टॉर्च आत नेला.

दांडी आधीच बांधलेली होती. तीच लालसर लोकर, हॉस्पिटलातल्या बाकावर उलगडलेली, सरळ केलेली. पण गाठ मामीची नव्हती. ट्रकवर माल बांधताना मारायची ती गाठ होती. जितकी ओढ बसेल तितकी आवळत जाणारी. ती मला मामांनीच शिकवली होती, आणि शिकवताना म्हणाले होते, ही गाठ वाटेत सुटत नाही.

मी बॉनेट हळूच लावलं. आत येऊन हात पुसले. मामीने नजरेनेच विचारलं.

"बांधलंय," मी म्हणालो.

"घट्ट?"

"सुटायची नाही."

मामा शेगडीपाशी पाठमोरे बसले होते. बॅटरीवरची शाल त्यांनी काढली, झटकली आणि उठून मामीच्या पायांवर नीट पांघरली. बॅटरीला त्यांनी आपली कानटोपी घातली.

"गारठा फार आहे," ते मला म्हणाले. "उद्याही काही ट्रक सुरू व्हायचा नाही."

"नाही," मी म्हणालो. "पण सकाळी येतो. बघू."